परवान्यापासून हक्कापर्यंत : भारतीय पासपोर्टचा इतिहास आणि सडक अर्जुनी परिसर

प्रस्तावना

गोंदिया जिल्ह्यातील सडक अर्जुनी या तालुक्याच्या गावाचे नावच प्रवासाशी जोडलेले आहे. नागपूरहून भंडारा, साकोली, देवरी या मार्गाने रायपूरकडे व पुढे कलकत्त्याकडे जाणाऱ्या जुन्या ग्रेट ईस्टर्न रोडवरील अर्जुनी ती सडक अर्जुनी आणि दक्षिणेकडील दुसरी ती अर्जुनी मोरगाव, असा भेद लोकव्यवहारानेच केला. १ मे १९९९ रोजी भंडारा जिल्ह्याचे विभाजन होऊन गोंदिया जिल्हा अस्तित्वात आला. त्याच्या आठ तालुक्यांपैकी हा एक तालुका. धानशेती, जंगल, आश्रमशाळा, शासकीय नोकरवर्ग आणि महामार्गावरील कोहमाऱ्याचा चौक ही त्याची परिचित ओळख होय.

अशा तालुक्यातील एखाद्या शिक्षक कुटुंबाने उन्हाळ्याच्या सुट्टीत विमानाने परदेशी जाण्याचे ठरविले, तर त्याला नागपूरच्या प्रादेशिक पासपोर्ट कार्यालयाच्या अखत्यारीत अर्ज करावा लागतो, जन्मतारखेचा व पत्त्याचा पुरावा द्यावा लागतो आणि पोलीस पडताळणीला सामोरे जावे लागते. त्यानंतर ज्या देशात जायचे त्या देशाच्या अटी सुरू होतात : व्हिसा, पासपोर्टची किमान सहा महिन्यांची उर्वरित मुदत, परतीचे तिकीट, हॉटेलचे आरक्षण, पुरेसे पैसे. पासपोर्ट हा आपल्या राज्यसंस्थेने दिलेला कागद, तर व्हिसा ही परक्या राज्यसंस्थेची अनुमती. व्यवहारात मात्र दोन्हींकडे केवळ तांत्रिक बाब म्हणून पाहिले जाते. शासकीय मराठीत 'पारपत्र' हा शब्द रुजला असला तरी बोलण्यात 'पासपोर्ट'च राहिला, म्हणून प्रस्तुत निबंधात तोच वापरला आहे.

या कागदाचा इतिहास पाहिला असता एक गोष्ट ठळकपणे लक्षात येते. भारतात पासपोर्टने प्रवासाची सोय केली त्याहून अधिक प्रवाशांची वर्गवारी केली. कोण 'प्रतिष्ठित', कोण 'मजूर', कोण 'संशयित' आणि कोण आपला नागरिकच नव्हे, हे ठरविण्याचे ते साधन होते. सुट्टीसाठी परदेशी जाणारा सामान्य माणूस या वर्गवारीतून पुष्कळ उशिरा मोकळा झाला, आणि सर्वांची सुटका अद्याप झालेली नाही.

पासपोर्टपूर्व काळातील परदेशगमन

एकोणिसाव्या शतकातील मराठी माणसाला परदेशी जाताना पासपोर्ट लागत नसे. आनंदीबाई जोशी ७ एप्रिल १८८३ रोजी कलकत्त्याहून अमेरिकेस निघाल्या. त्याच वर्षी पंडिता रमाबाई इंग्लंडला गेल्या. दोघींपुढील अडथळा सरकारी नव्हता, तो सामाजिक होता. समुद्र ओलांडल्यास जातीबाहेर टाकले जाण्याची भीती होती, आणि परतल्यावर प्रायश्चित्त घ्यावे की नाही यावर त्या काळी वृत्तपत्रांतून वाद झडत. निघण्यापूर्वी फेब्रुवारी १८८३ मध्ये श्रीरामपूर येथे केलेल्या भाषणात आनंदीबाईंना बहिष्काराच्या प्रश्नाचे उत्तर द्यावे लागले होते. प्रवेशाची अट परक्या देशाने नव्हे, तर स्वतःच्या जातीने घातलेली आणि ती जाताना नव्हे, परतताना लागू होणारी, असे तिचे स्वरूप होते.

डॉ. बाबासाहेब आंबेडकर बडोदा संस्थानच्या शिष्यवृत्तीवर जुलै १९१३ मध्ये न्यूयॉर्कला पोहोचले, तेव्हाही हिंदुस्थानातून बाहेर पडण्यासाठी पासपोर्टची सर्वसाधारण सक्ती नव्हती. जुलै १९२० मध्ये ते पुन्हा लंडनला निघाले, तेव्हा ती लागू झालेली होती. या सात वर्षांत नेमके काय घडले, हा इतिहासाच्या दृष्टीने महत्त्वाचा प्रश्न आहे.

पासपोर्ट अजिबात नव्हता असे मात्र नाही. मागणी केल्यास सरकार संपन्न व प्रतिष्ठित व्यक्तींना तो देत असे. तो शिफारसपत्रासारखा होता. दुसऱ्या टोकाला मळ्यांवर जाणारे करारबद्ध मजूर होते. त्यांच्यासाठी देशांतराचे स्वतंत्र कायदे, स्वतंत्र नोंदवह्या आणि बंदरावरील तपासणी होती. मुंबईहून हजला जाणाऱ्या यात्रेकरूंची व्यवस्था आणखी वेगळी होती. १८८६ मध्ये तर सरकारने हे काम थॉमस कुक या प्रवासी कंपनीकडे सोपविले होते. म्हणजे श्रीमंताला शिफारस, मजुराला नोंद आणि यात्रेकरूला पास. प्रवासी एकाच बंदरातून निघत, परंतु कागद मात्र ज्याच्या त्याच्या दर्जाप्रमाणे असे.

महायुद्ध आणि सक्ती

पासपोर्टला सक्तीचे रूप येण्यामागे दोन कारणे दिसतात. पहिले कारण कॅनडाशी संबंधित आहे. ब्रिटिश साम्राज्याचा प्रजाजन साम्राज्यात कोठेही जाऊ शकतो हे तत्त्व कागदोपत्री मान्य होते, परंतु गोऱ्या वसाहतींना हिंदी लोक नको होते. १९०८ मध्ये कॅनडाने मायदेशाहून अखंड प्रवास करून येणाऱ्यालाच प्रवेश देण्याचा नियम केला. नियमात हिंदी लोकांचा उल्लेख नव्हता, पण हिंदुस्थानातून थेट जाणारी जहाजसेवाच नसल्याने परिणाम एकच होता. २३ मे १९१४ रोजी 'कोमागाता मारू' हे जहाज ३७६ प्रवाशांसह व्हॅन्कुव्हरला पोहोचले आणि दोन महिन्यांनी, २३ जुलै रोजी, त्यातील बहुसंख्य प्रवाशांसह परत पाठविले गेले. वंशाचे नाव न घेता वंशाच्या आधारे माणसे अडविण्यासाठी पासपोर्ट हे सोयीचे साधन ठरले, ही राधिका मोंगिया यांची मांडणी या संदर्भात मूलगामी आहे.

दुसरे कारण म्हणजे पहिले महायुद्ध. १९१५ च्या हिंदुस्थान संरक्षण कायद्याखाली १९१७ मध्ये पासपोर्टविषयक नियम झाले आणि समुद्रमार्गे देशाबाहेर जाण्यासाठी व देशात येण्यासाठी पासपोर्ट आवश्यक ठरला. युद्ध संपले, पण सक्ती संपली नाही. १९२० च्या कायद्याने देशात प्रवेश करताना पासपोर्ट मागण्याचा अधिकार कायम केला. हा कायदा नंतर शंभराहून अधिक वर्षे टिकला. १ सप्टेंबर २०२५ पासून अमलात आलेल्या इमिग्रेशन व विदेशी नागरिक कायद्याने तो रद्द केला. ऑक्टोबर १९२० मध्ये राष्ट्रसंघाच्या पुढाकाराने पॅरिस येथे भरलेल्या परिषदेने ३२ पानी पुस्तिकेचा नमुना सुचविला. पासपोर्ट ही युद्धकाळातील तात्पुरती अडचण असून ती लवकरच दूर होईल, असे त्या काळी अनेकांना प्रामाणिकपणे वाटत होते. इतिहासात 'तात्पुरत्या' गोष्टींचे आयुष्य बहुधा असेच असते.

नव्या सक्तीचा राजकीय उपयोग किती तत्परतेने झाला याचे उदाहरण महाराष्ट्राच्या इतिहासातच आहे. होमरूल चळवळीची बाजू ब्रिटिश जनतेपुढे मांडण्यासाठी लोकमान्य टिळक मार्च १९१८ च्या अखेरीस इंग्लंडला जाण्यास निघाले. त्यांच्यासमवेत न. चिं. केळकर, करंदीकर, बिपिनचंद्र पाल आणि अमरावतीचे दादासाहेब खापर्डे होते. पासपोर्ट मिळालेले होते. परंतु मंडळी कोलंबोला पोहोचल्यावर लंडनच्या युद्धमंत्रिमंडळाच्या निर्णयानुसार ते रद्द करण्यात आले आणि सर्वांना परतावे लागले. पुढे त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये टिळकांना चिरोलवरील बदनामीच्या दाव्यासाठी जाऊ देण्यात आले, तेही राजकीय चळवळ न करण्याच्या अटीवर. खासगी कामासाठी जाणारा टिळक चालतो, पण राजकीय कामासाठी जाणारा चालत नाही, असा तो हिशेब होता. प्रवासाचा हेतू काय हे विचारण्याची जी प्रथा आज प्रत्येक व्हिसा-अर्जात दिसते, तिचा एक उगम अशा निर्णयांत आहे.

विदर्भाच्या दृष्टीने दुसरे उदाहरण अधिक बोलके आहे. वर्ध्याशी नाते असलेले क्रांतिकारक डॉ. पांडुरंग सदाशिव खानखोजे १९०६ च्या सुमारास देशाबाहेर पडले. गदर चळवळीतील सहभागामुळे त्यांचे नाव ब्रिटिशांच्या काळ्या यादीत गेले आणि मायदेशाचे दार त्यांना बंद झाले. १९२० च्या दशकापासून ते मेक्सिकोत राहिले व तेथे कृषिशास्त्रज्ञ म्हणून नावारूपास आले. त्यांना भारताची भूमी पुन्हा पाहता आली ती स्वातंत्र्यानंतर, १९४९ मध्ये. पुढे ते नागपुरात स्थायिक झाले आणि २२ जानेवारी १९६७ रोजी तेथेच त्यांचे निधन झाले. परदेशी जाणे व मायदेशी परत येणे हा नागरिकाचा हक्क आहे की सरकारची मेहेरबानी, या प्रश्नाचा निर्णायक निकाल त्यानंतर तीन महिन्यांच्या आत लागावयाचा होता.

स्वातंत्र्यानंतरची दोन दशके

स्वातंत्र्याने पासपोर्टवरील मुद्रा बदलली, वृत्ती तेवढ्या वेगाने बदलली नाही. १९४७ ते १९६७ या काळात पासपोर्ट देण्याविषयी कोणताही स्वतंत्र कायदा नव्हता. पासपोर्ट ही सरकारची मालमत्ता आणि तो देणे न देणे हा शासनाचा स्वेच्छाधिकार, अशी भूमिका होती. अर्जदाराला आर्थिक हमी द्यावी लागे. १९५० च्या दशकात ब्रिटनला जाऊ इच्छिणाऱ्या अशिक्षित व अकुशल लोकांना पासपोर्ट मिळू नये असे धोरण होते. परदेशात देशाची प्रतिमा मलिन होऊ नये, हे त्याचे समर्थन. कलात्मिका नटराजन यांनी या धोरणामागे जात व वर्ग यांचा विचार कसा काम करीत होता आणि मळ्यांवरील 'कुली'ची वसाहतकालीन प्रतिमा नव्या राष्ट्राच्या अधिकाऱ्यांना कशी सतावीत होती, हे दाखवून दिले आहे. विशेष म्हणजे त्या काळी ब्रिटनने भारतीयांसाठी दार बंद केलेले नव्हते. राष्ट्रकुल स्थलांतरित कायदा १९६२ मध्ये आला, व्हिसाची सक्ती तर १९८६ मध्ये. तत्पूर्वी अडवणूक झाली ती मुख्यत्वे आपल्याच कार्यालयांत.

सुट्टीसाठी परदेशी जाणे या काळात मध्यमवर्गीयांच्या आवाक्याबाहेर होते. पासपोर्ट मिळाला तरी परकीय चलन मिळत नसे. तिकीट काढण्यासाठी रिझर्व्ह बँकेच्या अनुमतीचा 'पी फॉर्म' लागे. १९६० च्या दशकाच्या उत्तरार्धात अमेरिकेला गेलेल्या भारतीयांच्या आठवणींत खिशातील आठ डॉलर हटकून येतात. सरकारने नेऊ दिलेली रक्कम तेवढीच होती. पु. ल. देशपांडे यांचे 'अपूर्वाई' हे प्रवासवर्णन १९६० मध्ये प्रसिद्ध झाले आणि त्याला अफाट वाचक लाभला, याचेही एक कारण यातच शोधता येईल. बहुसंख्य मराठी वाचकांना विलायत पाहण्याचा तोच एक मार्ग उपलब्ध होता.

दोन निकाल

१० एप्रिल १९६७ रोजी सर्वोच्च न्यायालयाने सतवंतसिंग साहनी प्रकरणात निकाल दिला. आयात-निर्यातीच्या व्यवसायातील या अर्जदाराला त्याचे पासपोर्ट परत करण्यास सांगण्यात आले होते. सरन्यायाधीश के. सुब्बा राव यांच्या अध्यक्षतेखालील पाच न्यायाधीशांच्या पीठाने तीन विरुद्ध दोन अशा मतांनी ठरविले की, परदेशी जाण्याचा हक्क हा संविधानाच्या अनुच्छेद २१ मधील व्यक्तिस्वातंत्र्यात अंतर्भूत आहे आणि कायद्याने विहित केलेल्या कार्यपद्धतीखेरीज तो हिरावून घेता येणार नाही. कायदाच नसल्याने पासपोर्ट काढून घेण्याची कृती टिकू शकत नव्हती. अधिकाऱ्याच्या मर्जीवर सारे सोपविणे हे अनुच्छेद १४ मधील समानतेच्या तत्त्वाशीही विसंगत ठरले. मुंबई, केरळ व म्हैसूर येथील उच्च न्यायालयांनी हीच दिशा त्यापूर्वी दाखविलेली होती. न्या. हिदायतुल्ला व न्या. बचावत यांनी मात्र भिन्न मत नोंदविले.

सरकारची प्रतिक्रिया तत्काळ होती. मे १९६७ मध्ये अध्यादेश निघाला आणि २४ जून १९६७ रोजी पासपोर्ट कायदा संमत झाला. तोच आजही लागू आहे. पासपोर्ट कोणत्या कारणांनी नाकारता येईल, कोणत्या कारणांनी जप्त करता येईल आणि त्याविरुद्ध अपील कोठे करावे, हे प्रथमच लिखित झाले. लिखित कारणांची यादी मोठी होती, आणि त्यातील 'सर्वसामान्य जनतेचे हित' हे कारण तर इतके ऐसपैस होते की, त्यात काय बसणार नाही हेच सांगणे कठीण.

त्याची कसोटी दहा वर्षांनी लागली. आणीबाणीनंतर सत्तांतर झाल्यावर जुलै १९७७ मध्ये मनेका गांधी यांना त्यांचा पासपोर्ट याच कारणाखाली सात दिवसांत जमा करण्यास सांगण्यात आले. कारणमीमांसा मागितली असता ती देणेही जनहिताचे नाही, असे उत्तर मिळाले. २५ जानेवारी १९७८ रोजी सात न्यायाधीशांच्या पीठाने दिलेला निकाल पासपोर्टच्या पुष्कळ पलीकडे गेला. कायद्याने ठरविलेली कार्यपद्धती कशीही असून चालणार नाही, ती न्याय्य, उचित व वाजवी असली पाहिजे आणि बाधित व्यक्तीला आपले म्हणणे मांडण्याची संधी मिळाली पाहिजे, हे तत्त्व न्या. पी. एन. भगवती यांच्या निकालपत्राने प्रस्थापित केले. पीठात पुण्याचे न्या. यशवंत विष्णु चंद्रचूड यांचाही समावेश होता. पुढील महिन्यात ते सरन्यायाधीश झाले. प्रत्यक्षात अर्जदाराला पासपोर्ट लगेच परत मिळाला नाही. सरकारने सुनावणी देण्याची हमी दिल्यावर न्यायालयाने जप्तीच्या आदेशात हस्तक्षेप केला नाही. अनुच्छेद २१ चा विस्तार शिकविताना आपण हा तपशील सहसा गाळतो. हक्काचे तत्त्व जिंकले, तरी कागद त्या दिवशी हाती आला नव्हता.

चलन, तिकीट आणि परक्या देशांच्या अटी

हक्क मान्य झाला तरी सुट्टीचा परदेश-प्रवास वाढला तो पैशाचे नियम सैल झाल्यावर. १९७३ च्या परकीय चलन नियमन कायद्याची जागा घेणारा १९९९ चा कायदा १ जून २००० पासून अमलात आला. फेब्रुवारी २००४ मध्ये रिझर्व्ह बँकेने व्यक्तीला बाहेर पैसे नेण्याची उदार योजना आणली. तिची सुरुवातीची वार्षिक मर्यादा २५ हजार डॉलर होती. आठ डॉलरपासून २५ हजार डॉलरपर्यंतचे हे अंतर सुमारे पस्तीस वर्षांचे आहे. मराठी प्रवाशांना समूहाने, घरगुती जेवणासह परदेश दाखविणाऱ्या सहल-कंपन्या १९८० च्या दशकापासून उभ्या राहिल्या आणि कागदपत्रांचे काम त्यांनी स्वतःकडे घेतल्याने तालुक्याच्या गावातील माणसाची भीड चेपली.

विदर्भातील अनेकांचा पहिला परदेश नेपाळ हा असतो. लुंबिनीला जाणाऱ्या बौद्ध यात्रेकरूला सीमेपलीकडे पाऊल टाकल्यावरही आपण परदेशी आलो असे फारसे वाटत नाही. ३१ जुलै १९५० च्या भारत-नेपाळ करारामुळे तेथे व्हिसा लागत नाही. रस्त्याने जाताना पासपोर्टही लागत नाही आणि विमानाने जातानाही पासपोर्टऐवजी मतदार ओळखपत्र चालते. विसाव्या शतकाच्या आरंभी जगाचा मोठा भाग असाच होता, याची ही एक शिल्लक खूण म्हणता येईल.

इतरत्र अटी बदलत राहतात. थायलंडने नोव्हेंबर २०२३ पासून आणि मलेशियाने डिसेंबर २०२३ पासून भारतीय पर्यटकांना व्हिसामाफी दिली. त्याआधी २१ नोव्हेंबर २०२२ रोजी संयुक्त अरब अमिरातीने पासपोर्टवर केवळ एकच नाव असलेल्या पर्यटकांना प्रवेश न देण्याचा नियम केला. हस्तलिखित पासपोर्ट आंतरराष्ट्रीय नागरी विमानवाहतूक संघटनेच्या मुदतीनुसार २४ नोव्हेंबर २०१५ नंतर निरुपयोगी झाले. देवीच्या लसीचे प्रमाणपत्र एके काळी पासपोर्टइतकेच आवश्यक असे. मे १९८० मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने देवीचे निर्मूलन जाहीर केल्यानंतर त्याचे प्रयोजनच उरले नाही. आफ्रिका व दक्षिण अमेरिकेतील काही देशांसाठी पिवळ्या तापाच्या लसीचे पिवळे कार्ड मात्र टिकून आहे.

विमानसेवेबाबत या जिल्ह्याचा इतिहास विलक्षण आहे. गोंदियाजवळील बिरसी येथील धावपट्टी दुसऱ्या महायुद्धाच्या काळातील. ती अनेक दशके जवळजवळ निपचित होती. १३ मार्च २०२२ रोजी तेथून इंदूर व हैदराबादसाठी प्रवासी सेवा सुरू झाली, ती खंडित झाली, आणि १ डिसेंबर २०२३ पासून हैदराबादशी पुन्हा जोडणी झाली.

जन्मतारखेचा प्रश्न

पासपोर्टसाठी अर्ज करणाऱ्या ग्रामीण कुटुंबाची खरी परीक्षा विमानतळावर होत नाही, ती घरातील कागदांच्या पेटीपाशी होते. जुन्या पिढीच्या जन्मतारखा शाळेत नाव घालताना गुरुजींनी अंदाजाने लिहिलेल्या असतात. म्हणूनच १ जून वा १ जुलै हे वाढदिवस महाराष्ट्रात इतके आढळतात. विदर्भात गावच्या कोतवालाकडील जन्ममृत्यूची नोंदवही, म्हणजे 'कोतवाल पंजी', हा आज जातपडताळणीसाठी मौल्यवान पुरावा मानला जातो. तीत अनेकदा बाळाचे नाव नसते, 'अमक्याला मुलगा झाला' एवढीच नोंद असते. शाळेच्या टी.सी.वर एक नाव, आधारवर दुसरे स्पेलिंग, लग्नानंतर बदललेले तिसरे नाव, ही विवाहित स्त्रियांच्या बाबतीत नित्याची गोष्ट आहे.

नियमांचा प्रवासही या वास्तवाशी झटापट करीतच झाला. २६ जानेवारी १९८९ वा त्यानंतर जन्मलेल्यांना जन्मप्रमाणपत्र सक्तीचे होते. डिसेंबर २०१६ मध्ये ही अट सैल करून शाळा सोडल्याचा दाखला, पॅन, आधार इत्यादी कागद ग्राह्य धरले गेले, तसेच आई व वडील दोघांचीही नावे देण्याऐवजी एकाचे नाव पुरेसे ठरले. एकल मातांच्या दृष्टीने हा बदल लहान नव्हता. फेब्रुवारी २०२५ च्या दुरुस्तीने चक्र पुन्हा फिरले आणि १ ऑक्टोबर २०२३ वा त्यानंतर जन्मलेल्यांसाठी जन्मप्रमाणपत्र हाच एकमेव पुरावा ठरला. पुढील पिढीला गुरुजींच्या अंदाजाचा आधार राहणार नाही.

पडताळणीसाठी सडक अर्जुनीचा अर्ज डुग्गीपार पोलीस ठाण्याकडे येतो, आणि पुस्तिका छापली जाते ती नाशिकच्या इंडिया सिक्युरिटी प्रेसमध्ये. एप्रिल २०२४ मध्ये चिप बसविलेल्या ई-पासपोर्टचा प्रयोग देशात मोजक्या शहरांत सुरू झाला, त्यांत नागपूर होते.

दुसऱ्या पानावरील शिक्का

वर्गवारीचा जुना संस्कार आजही ज्या ठिकाणी स्पष्ट दिसतो, ते म्हणजे 'देशांतर तपासणी आवश्यक' हा शेरा. १९२२ च्या देशांतर कायद्याची जागा घेणाऱ्या १९८३ च्या कायद्याने परदेशी मजुरीसाठी जाणाऱ्यांच्या संरक्षणाची व्यवस्था केली. आखाती देशांसह १८ देशांत नोकरीसाठी जाणाऱ्या, दहावी उत्तीर्ण नसलेल्या व्यक्तीस देशांतर संरक्षकाची अनुमती लागते. हेतू निःसंशय चांगला होता, दलालांकडून होणारी फसवणूक खरीच होती. परंतु संरक्षणाची खूण पासपोर्टवर उमटली, आणि ती शिक्षणावरून माणूस ओळखू लागली. ऑक्टोबर २००७ पूर्वी हा शेरा असलेल्या व्यक्तीस केवळ सुट्टीसाठी वा मुलाला भेटण्यासाठी जायचे असले, तरी तो तात्पुरता स्थगित करून घ्यावा लागत असे. पदवीधर मुलगा आणि नववीपर्यंत शिकलेली त्याची आई एकाच विमानाने निघाली, तरी आईच्या कागदाची तपासणी निराळी होती. या १८ देशांच्या यादीत थायलंड व मलेशियाही आहेत. म्हणजे जो देश पर्यटकाला व्हिसा मागत नाही, तोच देश अल्पशिक्षित मजुरासाठी आपल्याकडून अनुमतीचा विषय ठरतो.

जानेवारी २०१८ मध्ये परराष्ट्र मंत्रालयाने असा शेरा असलेल्यांना निळ्याऐवजी नारिंगी आवरणाचा पासपोर्ट देण्याचा निर्णय जाहीर केला. पुस्तिका न उघडताच कोण कमी शिकलेला हे काउंटरवरील प्रत्येकास कळले असते. तीव्र टीका झाली आणि ३० जानेवारी २०१८ रोजी निर्णय मागे घेण्यात आला. राधिका सिंघा यांनी वसाहतकालीन पासपोर्टविषयी जे लिहिले आहे, त्याच्याशी ही घटना ताडून पाहावी. प्रतिष्ठित प्रवासी आणि मजूर यांना वेगळा कागद देण्याची कल्पना शंभर वर्षांनंतरही प्रशासनाला सहज सुचत होती.

गोठणगावची वसाहत

सडक अर्जुनीच्या दक्षिणेस, शेजारच्या अर्जुनी मोरगाव तालुक्यात, गोठणगाव-प्रतापगड परिसरात तिबेटी निर्वासितांची नोर्ग्येलिंग वसाहत आहे. १९५९ मध्ये दलाई लामा भारतात आल्यानंतर देशात ठिकठिकाणी ज्या वसाहती उभ्या राहिल्या, त्यांपैकी ही महाराष्ट्रातील वसाहत १९७२ मध्ये वसविण्यात आली. येथे जन्मलेली पिढी हिंदी व मराठी बोलते, स्थानिक बाजारात व्यवहार करते, पण परदेशी जाताना तिच्या हाती निळा पासपोर्ट नसतो. तिच्याजवळ असते ते पिवळ्या आवरणाचे ओळख प्रमाणपत्र. अनेक देशांचे अधिकारी ते हातात घेऊन गोंधळतात, काही ते मान्यच करीत नाहीत. आजीला भेटण्यासाठी वा सुट्टीसाठी जाणे हीदेखील त्यामुळे मोठी कारवाई ठरते.

कायद्याने मात्र चित्र वेगळे आहे. नागरिकत्व कायद्यानुसार २६ जानेवारी १९५० ते १ जुलै १९८७ या दरम्यान भारतात जन्मलेली व्यक्ती, आईवडील कोणीही असोत, जन्माने भारतीय नागरिक ठरते. पासपोर्ट नाकारला गेल्यावर एका तिबेटी तरुणीने दाद मागितली, तेव्हा दिल्ली उच्च न्यायालयाने २२ डिसेंबर २०१० रोजी तिच्या बाजूने निकाल दिला. तरीही कार्यालये अर्ज अडवीत राहिली. २२ सप्टेंबर २०१६ रोजी त्याच न्यायालयाने पुन्हा तेच बजावले आणि मार्च २०१७ मध्ये परराष्ट्र मंत्रालयाने पासपोर्ट कार्यालयांना त्याप्रमाणे सूचना दिल्या.

जून २०१७ मध्ये त्यांवर अटी आल्या. पासपोर्ट हवा असल्यास निर्वासित म्हणून मिळालेले नोंदणी प्रमाणपत्र व ओळख प्रमाणपत्र परत करावे, निर्वासितांच्या सवलती सोडाव्यात आणि निर्वासितांसाठी राखलेल्या वसाहतीत राहू नये. सतवंतसिंग प्रकरणात न्यायालयाने जो हक्क व्यक्तिस्वातंत्र्याचा भाग ठरविला, त्याची किंमत येथे घराच्या रूपाने मागितली गेली. १९७२ मध्ये वसलेल्या वसाहतीत, तेथेच १९८७ पूर्वी जन्मलेल्या माणसापुढे निवड अशी होती : पासपोर्ट घ्यावा, की आईवडिलांनी जंगल साफ करून उभे केलेले घर व शेती ठेवावी. सडक अर्जुनीहून नागपूरला पासपोर्टसाठी जाणाऱ्या शिक्षकाला असा प्रश्न कोणी विचारत नाही. दोघांचा जिल्हा एक आहे, पासपोर्ट कार्यालयही एकच.